वाटीनं कापलेली पानगी

माझ्या भाचेसुनेनं परवा मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. व्हिडिओत ती स्वतःच होती. नऊवारी नेसलेली, नाकात नथ आणि पुढ्यात गॅसची शेगडी. “आमच्या आजेसासूबाईंची चुलीवरची पानगी, एकदम सोप्पी, फक्त दहा मिनिटांत!” असं म्हणून ती गोड हसली आणि विकतच्या तांदळाच्या पिठाची पिशवी कात्रीनं कापली.

मी माझ्या खानावळीच्या गल्ल्यावर बसले होते. दुपारची गर्दी ओसरली होती, पोरं टेबलं पुसत होती. ती मुद्दाम गाडी काढून मला हे दाखवायला आली होती.

“कशी वाटली, आत्या?”

“दहा मिनिटांत चूलसुद्धा धरत नाय गं,” मी म्हणाले.

“अहो, म्हणून तर गॅसवर केली. लोकांना हल्ली सोपं लागतं.”

सोपं! मी मोबाइल तिच्या हातात असा परत दिला की तिनं तो आधी उलटासुलटा करून बघितला, फुटला की काय म्हणून. मुलगी वाईट नाही. शहरात वाढलेली, हौशी, बोलायला लाघवी. माझा राग तिच्यावर नव्हता. पण ती ज्या घरात सून म्हणून आली आहे, त्या घरात त्या पानगीपायी मी काय घालवलं, ते तिला कोणी सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोण?

माझं माहेर चौकहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथं आता भावाचं शेतघर आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात, खोल्यांत राहतात, बैलगाडीत बसून फोटो काढतात आणि गावचं जेवण जेवतात. त्या जेवणात पानगी असते. लोक आवडीनं मागवतात, पण पूर्ण संपवत नाहीत. आतून कोरडी लागते म्हणतात. म्हणून भाचेसून माझ्याकडे आली होती.

“तुम्ही रविवारी या ना, आत्या. मूळ रेसिपी करून दाखवा. मी शूट करते. बाबा पण म्हणाले, आत्या आईच्या हाताखाली सगळं शिकलीय.”

बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझा दादा.

मी नाही म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात ती बोलता बोलता म्हणाली, “आणि आत्ताच या, कारण दिवाळीनंतर मागच्या बाजूचं काम काढणार आहोत. त्या मोरीमागच्या केळी काढून पोहायचा हौद करायचाय.”

“येते,” मी म्हणाले.

ज्यांनी आमच्याकडची पानगी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. बाकीच्या घरांत पानगी म्हणजे हाताएवढी, पानात थापून तव्यावर भाजलेली. आमच्या आईची पानगी लंगडीत व्हायची. लंगडी म्हणजे पसरट, उथळ पातेलं. तळाला केळीचं पान, त्यावर तांदळाच्या पिठाचा थर, त्यावर कांदा-मिरची घालून परतलेली सुकट, वरून पुन्हा पिठाचा थर, आणि सगळ्यावर दुसरं पान. काठ बोटांनी दाबून बंद करायचे. मग लंगडी चुलीवर, वर झाकण म्हणून लोखंडी परात आणि परातीत निखारे. खालून आच, वरून आच. पानाचा वास पिठात उतरायचा आणि सुकटीचं तिखट पाणी दोन्ही थरांत मुरायचं. फार चांगली लागायची. खोटं कशाला बोलू? आजही नुसत्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटतं, आणि त्याच क्षणी डोकंही तापतं.

आईच्या बाजूनं बघितलं तर ती सोपी होती. कारण बाकीचं सगळं मी करायची. पानं कापून आणायची मी. मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं मागे केळी लावलेल्या होत्या. उन्हाळ्यात विहिरीवरून घागर आणून त्यांना जास्तीचं पाणी घालायचं कामही माझंच. पान फाटलं की आई पाठीत धपाटा घालायची, कारण फाटक्या पानातून रस गळतो. सुकट सुपात घेऊन तिच्यातली वाळू, मिशा, डोकी काढायची मी. श्रावणात सुकटीऐवजी वाल असायचे. भिजवलेला एकेक वाल सोलायचा, बोटं सुरकुतून जायची. गिरणीचं पीठ तापतं म्हणून पानगीचं पीठ जात्यावर दळलेलं लागायचं, तेही मी. आणि शेवटी चिमटा घेऊन परातीजवळ बसायचं. निखारे सारखे सारायचे, मधले काठाला, काठाचे मध्ये, नाहीतर मध्ये करपतं आणि काठ कच्चा राहतो. धुरानं डोळे लाल व्हायचे. दादा तोवर ओट्यावर गोट्या खेळत असायचा. आईनं लांबूनच वास घेऊन “उतरीव गं” म्हटलं की माझं काम संपायचं.

मग वाटी यायची.

पितळेची, जड बुडाची वाटी होती. आई ती पानगीच्या बरोबर मध्यभागी पालथी ठेवायची, तळव्यानं दाबायची आणि एकदा फिरवायची. मधला गोल तुकडा सुटून यायचा. सगळी सुकट मध्येच भरलेली, त्यामुळे तो जाड, ओलसर, वाफाळता. तो अख्खा वडलांच्या ताटात जायचा, आणि दादा वडलांच्या ताटात जेवायचा. उरायचा तो काठ, बांगडीसारखा. त्यात आत काही नसायचंच. पिठाचे दोन थर एकमेकांना चिकटलेले, कडक, कडेला जरा करपलेले. तो माझा. काठात चुकून एखादी सुकट सापडली तर मी ती बाजूला काढून शेवटच्या घासासाठी ठेवायची.

दहा वर्षांची असेन. लावणीचे दिवस होते. दिवसभर मी चिखलात वाकून लावणी केली होती, आणि दादा शाळेची सुटी म्हणून बांधावर बसून खेकडे धरत होता. त्या दिवशी पानगी झाली. आईनं वाटी फिरवली तशी मी म्हणाले, “आये, आज मधलं मला. मी पण राबलेय.”

पिठाचा हात होता. तसाच गालावर बसला.

“पोरीनं काठ खायाचा,” आई म्हणाली. “उद्या दुसऱ्याच्या घरी जायचं हाय. तिथं कोन मधलं देनार हाय तुला? आत्तापासून सवय पायजे.”

वडील जेवत राहिले. दादा मात्र तोंडात घास घेऊन म्हणाला, “काठ कुरकुरीत असतो गं. मला आवडतो.” पण बदलून मागितला नाही त्यानं.

दुसऱ्याच्या घरी मी गेले. नवरा चौकला गॅरेजमध्ये कामाला, शांत माणूस. त्याच्या एकट्याच्या कमाईवर भागत नव्हतं म्हणून मी जुन्या हायवेच्या कडेला, चौक आणि लोधिवलीच्या मध्ये, एक टेबल मांडलं. भाकरी, सुकटीची चटणी आणि ताक. ट्रकवाले थांबायला लागले. टेबलाची टपरी झाली, टपरीची खानावळ. नवा मोठा रस्ता झाला आणि ट्रक तिकडून पळायला लागले तेव्हा आजूबाजूच्या चार धाब्यांना कुलपं लागली. माझ्या खानावळीला नाही लागलं. मी कंपन्यांच्या कामगारांना डबे दिले, लग्नाची जेवणं घेतली, पण चूल विझू दिली नाही. आणि हे सगळं मी सांगितलेला भाव देऊन केलेलं नाही. कांदेवाला, तांदूळवाला, नारळवाला, कोणीही माझ्याकडून पहिल्या बोलीत हो म्हणवून घेतलेलं नाही. एक कांदेवाला तर म्हणायचा, “ताई, तुमच्या दारात यायचं तर घरून न्याहरी करून यावं लागतं. नुसत्या बोलण्यात सकाळ जाते.” मी म्हणायची, “मग कमी भावात बोल, लवकर सुटशील.”

अशी मी. आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मी तोंड न उघडता केला.

वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. आमच्या भागात तेव्हा जमिनींना भाव चढले होते. दादा जीप घेऊन दारात आला.

“आईनं बोलवलंय तुला. जेवायला चल,” म्हणाला. मग चप्पल घालता घालता, मान वर न करता: “आणि येताना खालापूरला कचेरीत एक सही करायची हाय.”

मला कळलं. आमच्याकडे बहिणींना हे न सांगता कळतं. वडलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद. बहिणीनं सही करायची, भावानं साडी नेसवायची, आणि मग माहेर उघडं राहतं असं म्हणतात. माझ्या ओळखीच्या सगळ्या बायकांनी ती सही केलेली आहे. कोणी रडत केली, कोणी हसत.

मी मात्र ठरवलं होतं. जीपमध्ये बसल्या बसल्या मनात सगळं मांडून ठेवलं. आधी अर्धं मागायचं. तो उसळेल. मग तिसऱ्या हिश्श्यावर यायचं. तो आईकडे बघेल. मग शेवटी म्हणायचं, बाकी सगळं तुझं, मला फक्त मोरीमागचा केळीचा तुकडा दे. एका लहान घराच्या पायाएवढा. मला खरं तर तेवढाच हवा होता. तिथं मी पाणी घातलेलं होतं. माझं म्हणता येईल असं त्या अख्ख्या शिवारात तेवढंच होतं. भाव असाच करतात: मोठ्यापासून सुरू करायचं आणि पाहिजे त्याच्यावर येऊन थांबायचं.

घरात शिरले तर पानाचा वास. आईनं पानगी केली होती. ताटं वाढली. आईनं वाटी ठेवली, दाबली, फिरवली. मी सवयीनं ताट जरा मागे घेतलं, काठ यायचा म्हणून.

मधला तुकडा माझ्या ताटात पडला. अख्खा.

दादाच्या ताटात काठ पडला. त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली मान घालून खायला लागला.

काय सांगू? बत्तीस-पस्तीस वर्षांची बाई मी, दोन लेकरांची आई, हायवेवर दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडणारी. त्या तुकड्यानं मला दहा वर्षांची केलं. गरम सुकट, ओलं पीठ, पानाचा वास. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी तिखटावर ढकललं. मला वाटलं, आईनं आज मला लेक म्हणून बघितलं. आज तिनं त्या दिवसाची चापट परत घेतली. आणि एकदा असं वाटल्यावर त्याच ताटावर बसून हिस्सा कसा मागायचा? जीपमध्ये मांडून ठेवलेलं सगळं विरघळून गेलं. मी बोटं चाटली, हात धुतला, वहिनीनं दिलेली साडी काखेत धरली आणि कचेरीत जाऊन बसले. चार साक्षीदार होते. कागद वाचून दाखवला. तिथल्या माणसानं नियमाप्रमाणे विचारलं, “राजीखुशीनं सही करताय ना?”

“हो,” मी म्हणाले.

परत येताना चौक मागे पडला, लोधिवलीच्या अलीकडे खानावळ दिसायला लागली, आणि तोंडातली चव गेली. तेव्हा मला उमगलं. नारळाला दोनदा भाव विचारणाऱ्या बाईला एका वाटीएवढ्या पानगीत गुंडाळलं होतं. भावानं नाही. त्याची ती अक्कल नाही. आईनं. मुलीला काय घातलं की ती गप्प बसेल, हे आईलाच ठाऊक असणार. पंचवीस वर्षं जपून ठेवलेला गळ तिनं त्या दिवशी टाकला होता.

पुढे एका वकिलाला विचारूनही पाहिलं. तो म्हणाला, “तुम्ही राजीखुशीनं दिलंत ना? मग आता भावाच्या मनात आलं तरच.”

त्यानंतर माहेरी मी जात राहिले. लग्नाला, बारशाला, आजारपणाला. आईशी गोड बोलले नाही, भांडलेही नाही. ती पानगी करायची तेव्हा मी उपास सांगायची. “आज कसला उपास गं?” असं तिनं एकदाच विचारलं. “आहे एक,” मी म्हणाले. खानावळीत मी सगळं केलं, कोंबडी, मटण, वालाचं बिरडं. पण पानगी केली नाही. गिऱ्हाइकांनी मागितली तरी नाही. आणि इकडे दादानं त्या जमिनीवर शेतघर बांधलं, आणि त्याच पानगीचा फोटो रस्त्यावरच्या पाटीवर लावला. मी कर्जतला जाताना ती पाटी आली की मान दुसरीकडे करते.

तर मी रविवारी गेले.

अंगणात मुद्दाम नवी चूल घातली होती, तिच्याभोवती रांगोळी. चुलीभोवती कोणी रांगोळी काढतं का? पाहुण्यांची पंधरा-वीस माणसं खुर्च्या मांडून बसली होती. आईलाही एका खुर्चीत बसवलं होतं, नवी साडी नेसवून. ऐंशीच्या पुढची आहे ती. पाय गेले आहेत, डोळे आणि नाक शाबूत.

“काय गं, चिडूनच आलीस का?” दादा म्हणाला.

“चिडायला सवड कुठाय? धंदा सोडून आलेय.”

“आमच्या बहिणीची जीभ तिखट हाय, पण हाताला आईची चव हाय बरं का,” त्यानं पाहुण्यांना सांगितलं. पाहुणे हसले.

मी मागे गेले आणि पानं कापली. केळी दाट झाल्या होत्या. एकीला घड लागलेला, फुलासकट. बाजूला मातीत चुन्याची रेघ मारून ठेवली होती, हौद कुठपर्यंत येणार ते दाखवायला. मी रेघेवर पाय देऊन उभी राहिले आणि दोन चांगली पानं निवडली, न फाटलेली.

पीठ मी घरून दळून आणलं होतं. सुकटही माझी. थर दिले, काठ दाबले, परात ठेवली, निखारे ओतले. भाचेसून मोबाइल धरून भोवती फिरत होती. “आत्या, हे निखारे कशाला? ओव्हन चालेल का?” मी चिमटा घेऊन परातीजवळ बसले. धूर डोळ्यांत गेला, तोच जुना धूर. थोड्या वेळानं पाहुणे कंटाळून झोपाळ्याकडे गेले, भाचेसून त्यांना सरबत द्यायला गेली, आणि चुलीजवळ आई आणि मी उरलो.

“मधी नको ठिवू,” आई खुर्चीतून म्हणाली. “काठाला वढ.”

“ठाऊक हाय मला. मीच बसायची हितं, तू नाय.”

“आवाज कमी कर.”

“का कमी करू?” माझा चिमटा थांबला. इतकी वर्षं गिळलेलं वर आलं. “आये, त्या सहीच्या दिवशी मधला तुकडा मला का वाढलास? खरं सांग. माझं तोंड बंद करायला ना?”

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, पाय असते तर ती उठून मारायलाच आली असती.

“तोंड बंद कराया?” ती म्हणाली. “उघडाया वाढला होता, उघडाया! तुज्या बापाच्या ताटातला तुकडा तो. तो ताटात पडला म्हंजी तू त्या दिवशी पावनी नव्हतीस, वाटेकरी होतीस. दादाला का काठ दिला मी? त्याला पन कळावं म्हनून. त्याला कळलं. कसा खाली मान घालून खात होता, बघितलंस ना? तुला न्हाय कळलं!”

“मग तोंडानं सांगायचं होतंस!”

“कशी सांगू? त्याच्याच घरात मला म्हातारपन काढायचं होतं. तोंडानं बोलले असते तर दुसऱ्या दिवशी कुटं गेले असते, तुज्या टपरीत?” आईचा श्वास लागला होता, पण ती थांबेना. “म्हटलं, पोरगी शानी हाय. बाजारात एकेका कांद्याला भांडते. तिला खूण पटंल. ताटावर बसून मागंल. मी वाट बघत होते गं! आन् तू? बोटं चाटलीस, लुगडं काखंत घातलंस नि गेलीस सही कराया, हसत!”

“मग नंतर तरी बोलायचं. इतकी वर्षं—”

“तू इचारलंस? तू तर उपास धरलास.”

राग तर होताच, उलट वाढला होता, पण आता तो कोणावर काढायचा तेच कळेना. आईनं मला फसवलं नव्हतं. तिनं मला हत्यार दिलं होतं आणि मी ते खाऊन टाकलं होतं. आमच्या घरात बायका तोंडानं बोलतच नाहीत. वाढण्यातून बोलतात, कमी वाढतात, जास्त वाढतात, आधी वाढतात. हे मला कळायला हवं होतं, कारण मी रोज पन्नास माणसांना वाढते.

“तू कधी मधलं खाल्लंस का गं?” मी विचारलं. असंच, रागातच.

“मला कोन देनार?” आई म्हणाली. “पानाला चिकटलेलं खरवडून खायाची मी.”

ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी माझा काठ मोजत बसायची.

“उतरीव,” आई म्हणाली. “झाली.”

परात उचलली तशी वाफ अंगणभर गेली आणि पाहुणे आपोआप गोळा झाले. दादा आला, वहिनी ताटं घेऊन आली. भाचेसून पिझ्झा कापायचं चाक घेऊन आली. “आत्या, यानं आठ त्रिकोण करू, फोटोत छान दिसतील.”

“वाटी आण,” मी म्हणाले.

“कुठली वाटी?”

“पितळेची. जड बुडाची. आईची.”

ती जेवणाच्या खोलीत शोभेला ठेवलेली होती. आत झेंडूच्या पाकळ्या. भाचेसुनेनं पाकळ्या काढून ती आणून दिली. मी ती पानगीच्या मध्यावर पालथी ठेवली, तळव्यानं दाबली, फिरवली. तुकडा सुटून आला. तो मी आईच्या ताटात ठेवला. काठाचा मोठा तुकडा कापून दादाच्या ताटात.

“अगं, आयेला पचंल का एवढं?” दादा हसून म्हणाला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. त्याला वाटी ओळखीची होती.

आईनं तो तुकडा मधून मोडला. अर्धा स्वतःपुढे ठेवला. अर्धा उचलून माझ्या ताटात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आता तरी माग.”

“दादा,” मी म्हणाले, “मोरीमागचा केळीचा तुकडा मला पायजे.”

“काय?”

“चुन्याची रेघ मारलीयस तो. बाकी सगळं तुझं. हौद दुसरीकडे कर.”

“अगं, हे काय पावण्यांसमोर...”

“सहीसुद्धा चार माणसांसमोरच केली होती मी.”

वहिनी म्हणाली, “वन्सं, जेवून घ्या आधी, मग बसून बोलू.”

“गेल्या वेळी आधी जेवले होते, वहिनी.”

भाचेसुनेनं मोबाइल खाली घेतला. मग, का कोण जाणे, पुन्हा वर धरला. दादानं घसा खाकरला. “हे बघ, तुझी सही झालीय. आता कायद्यानं काही—”

“मी कायद्यानं मागतच नाय. पानगी समोर ठेवून मागतेय. तू घेतलंस ते तसंच घेतलंस.”

“मी काय घेतलं? तू राजीखुशीनं दिलंस!”

“मग तूही दे राजीखुशीनं. कोण अडवतंय?”

पाहुण्यांतल्या एका म्हातारबुवांनी ताट हातात घेऊन पुढे पाऊल टाकलं होतं, ते तसेच उभे राहिले. दादानं काठाचा तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला, परत ठेवला. मानेवर घाम आला होता त्याच्या. मला माझ्या भावाची इतकी चीड कधी आली नव्हती, आणि त्याच वेळी दिसलं की तोही आईकडे बघतोय, आई काही म्हणते का म्हणून. ती जेवत होती. सावकाश, एकेक घास, आयुष्यात पहिल्यांदा मधलं.

“बघू,” दादा म्हणाला.

“बघू नाय. हो का नाय, ते सांग.”

“अगं, उद्या बोलू ना शांतपणे...”

“मी बसलेय.”

आईनं तोंडातला घास संपवला आणि माझ्या ताटाकडे बोट केलं. “खा गं. गार व्हतंय.”

“होऊ दे,” मी म्हणाले आणि ताट दोन बोटं पुढे सरकवलं. “आधी त्यानं बोलायचं. मग मी खाईन.”